मजुरी वेगळी, मोल वेगळं

सोलापुरात दिवसाचा हिशेब नगावर होतो. बिडीची मजुरी हजारावर, चादरीची आणि टॉवेलची नगावर, आणि घरातल्या पोरांची किंमत टक्क्यांवर. बिड्या द्यायला गेलेली बाई 25-25 चे कट्टे पुढे ठेवते. असे 40 कट्टे झाले की हजार. टेबलापलीकडे बसलेला तपासणारा एकेक कट्टा हातात घेतो, अंगठ्यानं दाबतो, तोंडं बघतो. एखादी बिडी सैल वळलेली, एखादीचं तोंड नीट मिटलेलं नाही, एखादीचं पान चिरलेलं. ती बाजूला पडते. तिला छाट म्हणतात, आणि छाटीचे पैसे मिळत नाहीत.

धंद्याला तपासणी लागतेच, त्याबद्दल काही म्हणणं नाही. घोळ होतो तो हे टेबल घरी येतं तेव्हा. रात्री अंथरुणावर पाठ टेकली की मनात कुणीतरी आपलेच कट्टे सोडून बघत बसतं. सासूबाईंना तोडून बोलले, ही छाट. सकाळची प्रार्थना राहिली, ही छाट. धाकटा गणितात नापास झाला, म्हणजे आई म्हणूनही छाट. असं करता करता देवही त्याच टेबलापलीकडे बसलेला दिसू लागतो, अंगठ्यानं दाबून बघणारा. चर्चमध्ये वर्षानुवर्षं येणाऱ्या, 'कृपा' हा शब्द असलेली दहा गाणी पाठ असणाऱ्या माणसांचीही ही गत असते. शब्द ओठांवर असतो, पण आत हिशेब हजारावरच चाललेला असतो.

पवित्र शास्त्राला हा हिशेब चांगला ठाऊक आहे. रोमकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायात पौल थेट मजुरीचंच उदाहरण घेतो. काम करणाऱ्याला मिळते ती मजुरी म्हणजे मेहेरबानी नव्हे, ते देणं आहे, असं तो चौथ्या वचनात म्हणतो. आणि लगेच पाचव्यात सांगतो की अधर्म्याला नीतिमान ठरवणाऱ्या देवावर जो भरवसा टाकतो, त्याचा विश्वास नीतिमत्त्व म्हणून गणला जातो. हा 'गणणे' शब्द जमाखर्चाच्या वहीतला आहे, आणि या एका अध्यायात तो मूळ ग्रीकमध्ये 11 वेळा येतो. म्हणजे वही आहेच, फक्त दोन वेगळ्या वह्या आहेत. मालक आणि मजूर यांची एक, बाप आणि लेकरू यांची दुसरी. पहिल्या वहीतली नोंद दुसऱ्या वहीत चढवली की माणूस आतून मोडतो.

इथं एक गोष्ट ठणकावून सांगायला हवी, कारण आपल्या गावात तिचा गैरवापर होतो. कृपेची शिकवण म्हणजे 'मिळेल त्यात समाधान मान' असं कामगाराला गप्प करण्याचं साधन नाही. पौलाचं वचनच सांगतं की मजुरी हे देणं आहे. याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायात अडकवून ठेवलेली मजुरी ओरडते आहे आणि ती हाक सेनाधीश परमेश्वराच्या कानी गेली आहे. छाटीच्या नावाखाली चांगल्या बिड्या बाजूला काढल्या जात असतील, तर त्याविरुद्ध बोलणारी बाई कृपेच्या विरोधात बोलत नसते. ती पहिल्या वहीचा हिशेब पहिल्या वहीत मागत असते. आपलं मोल त्या वहीवर लटकलेलं नाही हे ज्याला कळलं, तो हक्काची गोष्ट उलट जास्त शांतपणे मागू शकतो.

कृपेला 'फुकट' म्हणायचीही सवय पडली आहे. फुकट वस्तूची किंमत कुणीच भरलेली नसते. कृपेत किंमत पूर्ण भरलेली असते, फक्त घेणाऱ्यानं ती भरलेली नसते. आपल्या जिल्ह्यातल्या माणसाला ही कल्पना परकी नाही. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची कथा इथं घराघरात सांगतात. दुष्काळात सरकारी कोठारं लोकांसाठी उघडली, बादशहाचं देणं अंगावर आलं, आणि विठ्ठलच विठू महार होऊन बिदरला जाऊन सगळी रक्कम भरून पावती घेऊन आला. ख्रिस्ती विश्वासाचं म्हणणं त्या कथेपुढे बरंच जातं, कारण दामाजीपंतांनी निदान भुकेल्यांसाठी कर्ज केलं होतं आणि इथे अपराध्याचं देणं फेडलेलं आहे, तेही वधस्तंभावर. पण दुसऱ्यानं भरलेली पावती आपल्या नावावर लागते म्हणजे काय, हे समजायला सोलापूरकराला वेगळी शिकवणी लागू नये.

पेन्सिल घेऊन दहा वचनं

याची बैठक मनात पक्की करायची असेल तर इफिसकरांस पत्राचा दुसरा अध्याय, 1 ते 10 वचनं, पेन्सिल हातात घेऊन वाचावीत. मोठ्यानं वाचा. प्रत्येक क्रियापदाखाली रेघ मारा. क्रियापद माणसाचं असेल तर एक रेघ, देवाचं असेल तर दोन. पहिल्या तीन वचनांत सगळ्या एकेरी रेघा येतात: मृत होता, चालत होता, वासनांप्रमाणे वागत होतो. चौथ्या वचनात 'परंतु देव' असे दोन शब्द येतात आणि तिथून रेघा दुहेरी होतात. जिवंत केलं, उठवलं, बसवलं. तिन्ही झालेल्या गोष्टी आहेत, 'करील' असं एकही नाही. आणि ग्रीकमध्ये या तिन्ही क्रियापदांना 'बरोबर' या अर्थाचा उपसर्ग जोडलेला आहे, कारण हे सगळं ख्रिस्ताबरोबर घडलं आहे.

आता दुसरं वचन आणि दहावं वचन शेजारी ठेवून बघा. दुसऱ्यात आपण पापांत 'चालत होतो', दहाव्यात सत्कर्मांत 'चालावं' असं आहे. दोन चालण्यांच्या मधोमध सहाव्या वचनातलं बसवणं आहे. मेलेल्या माणसाला देव आधी पळायला लावत नाही. जिवंत करून आधी बसवतो.

चुका इथं दोन होतात. काही जण आठव्या-नवव्या वचनावर पुस्तक मिटतात: कर्मांनी नाही, देवाचं दान आहे, झालं! त्यांच्या जगण्यात मग काहीच हलत नाही. दुसरे थेट दहाव्या वचनापासून सुरू करतात: सत्कर्मं, सत्कर्मं. त्यांच्या चेहऱ्यावरची ओढाताण रविवारी शेवटच्या बाकावरूनही दिसते. दहा वचनं एका दमात वाचल्याशिवाय यातलं काहीच नीट कळत नाही. आणखी एक पडताळून बघा. या पत्राच्या पहिल्या तीन अध्यायांत मूळ भाषेत आज्ञार्थी क्रियापद एकच आहे, 2:11 मधलं 'आठवण करा'. लबाडी सोडा, रागावर सूर्य मावळू देऊ नका, चोरी करणाऱ्यानं कष्ट करावेत, हे सगळं चौथ्या अध्यायापासून पुढं येतं.

दहाव्या वचनात आपल्याला देवाची 'हस्तकृती' म्हटलं आहे. मूळ शब्द 'पोइएमा', म्हणजे घडवलेली वस्तू. आणि ती सत्कर्मं देवानं आधीच तयार करून ठेवली आहेत असंही तिथे लिहिलं आहे. हे वचन सोलापूरइतकं दुसऱ्या गावाला समजेल का, शंका आहे. जकार्डच्या मागाच्या माथ्यावर पुठ्ठ्यांची माळ असते. पुठ्ठ्याला पाडलेली भोकं ठरवतात की या फेरीला ताण्याचे कुठले धागे वर उचलले जातील. चादरीवरचा मोर, वेल, काठ, सगळं बाण्याचा पहिला धागा पडायच्या आधी त्या पुठ्ठ्यांत पाडलेलं असतं. विणकराला काम नसतं असं नाही. तुटलेला धागा जोडायचा, कांडी संपली की बदलायची, डोळ्यात तेल घालून उभं राहायचं, पाय दुखेपर्यंत. पण 'आज मोर कुठून आणू' या धास्तीनं तो मागावर येत नाही.

क्रम हाच मुद्दा

शास्त्रात हा क्रम एकदा डोळ्यांना दिसला की जागोजागी दिसतो. निर्गमच्या विसाव्या अध्यायात दहा आज्ञा आहेत, पण पहिल्या आज्ञेआधी दुसरं वचन आहे: मी परमेश्वर तुझा देव, मी तुला दास्यगृहातून बाहेर आणलं. आज्ञा पाळल्या म्हणून सुटका झाली नाही. सुटका आधी झाली, समुद्र ओलांडून झाला, मग सीनायवर आज्ञा आल्या. त्याच लोकांना मिसरात पाचव्या अध्यायात विटांचा आकडा बांधून दिलेला होता, आणि तोही पेंढा बंद करून, आकडा तेवढाच ठेवून. फारोच्या आणि परमेश्वराच्या कारभारातला फरक बघायचा असेल तर पाचवा अध्याय आणि सोळावा अध्याय एकापाठोपाठ वाचावा. सोळाव्यात मान्ना आहे, म्हणजे रानात देवानं रोज पुरवलेलं अन्न. माणशी एक ओमर, एक ठरलेलं माप. जास्त गोळा केलेल्याला उरलं नाही, कमी गोळा केलेल्याला कमी पडलं नाही. साठवून ठेवलेल्यात सकाळी किडे पडले. आणि सहाव्या दिवशी दुप्पट मिळालं, म्हणजे सातव्या दिवशी बसता यावं.

यार्देन नदीत येशूचा बाप्तिस्मा होतो तेव्हा स्वर्गातून वाणी येते: हा माझा पुत्र, मला परमप्रिय आहे. मत्तयचा तिसरा अध्याय आहे हा. अजून एकही आजारी बरा झालेला नाही, एकही भाकर मोडलेली नाही. चौथ्या अध्यायात सैतान येतो आणि पहिलंच वाक्य काय टाकतो? 'तू देवाचा पुत्र असशील तर.' दगडाची भाकर कर म्हणजे सिद्ध होईल. आपल्या मनातली रात्रीची तपासणी याच वाक्यावर चालते. येशू काही सिद्ध करायला जात नाही. त्याला जे आधीच सांगितलेलं आहे त्यावर तो उभा राहतो.

लूकच्या पंधराव्या अध्यायातला धाकटा मुलगा परत येताना भाषण पाठ करून येतो. एकोणिसाव्या वचनात त्या भाषणाचं शेवटचं वाक्य आहे: मला तुमच्या एखाद्या मोलकऱ्यासारखं ठेवा. म्हणजे मजुरीवर घ्या, मी फेडीन. एकविसाव्या वचनात तो बापापुढे बोलायला लागतो आणि नेमकं हेच वाक्य गळतं, कारण बाप मध्येच चाकरांना झगा आणायला सांगतो. अंगठी, पायात जोडा, पुष्ट वासरू. अंगाला डुकरांचा वास असतानाच. थोरल्याचं दुखणं याहून अवघड आहे. तो घरातच राहिला, शेतातच राबला, आणि बापाला म्हणतो, इतकी वर्षं मी तुमची गुलामी करतोय, मला कधी करडूही दिलं नाही. घरचा मुलगा स्वतःला मजूर समजून हिशेब मागतोय. मंडळीत मनापासून झटणाऱ्या माणसांनी ही गोष्ट थोरल्याच्या बाजूनं वाचावी. आम्हांला वाटतं, सोलापूरच्या मंडळ्यांत धाकटे कमी आणि थोरलेच जास्त आहेत.

जक्कयाचंही तसंच. यरीहोच्या त्या मुख्य जकातदाराला येशू झाडाखालून म्हणतो, आज मला तुझ्या घरी उतरायचं आहे. त्यानंतर जक्कय अर्धी मालमत्ता गरिबांना आणि लुबाडलेल्याचं चौपट परत देण्याचं कबूल करतो. आधी चौपट फेड, मग येतो, असं येशू म्हणाला नाही. पण चौपट फेड झाली, हेही विसरू नये.

पंडिता रमाबाईंचं आयुष्य या अंगानं पुन्हा वाचण्यासारखं आहे. सोलापूरहून पुण्याच्या गाडीत बसलं की दौंडच्या पुढे केडगाव लागतं, तिथंच त्यांचं मुक्ती मिशन. त्यांचं बालपण आईवडिलांबरोबर तीर्थं हिंडण्यात गेलं. पुण्य साठावं म्हणून मैलोन् मैल पायी. 1874 च्या दुष्काळात आईवडील गेले. 1883 मध्ये इंग्लंडमध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. आणि त्यानंतर आठेक वर्षांनी त्यांना उमगलं की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडायचा होता. आपल्या साक्षीत त्यांनी हे उघड लिहिलं आहे. त्यांच्याइतक्या विद्वान बाईला, शास्त्रं मुखोद्गत असलेल्या बाईला हे कळायला आठ वर्षं लागली, तेव्हा आपल्याला एका प्रवचनात कळलं नाही म्हणून खट्टू व्हायचं कारण नाही. आणि कळल्यावर त्या हातावर हात ठेवून बसल्या नाहीत. दुष्काळातल्या मुलींना जवळ केलं, हिब्रू-ग्रीक शिकून अख्खं पवित्र शास्त्र मराठीत आणलं. मरेपर्यंत, म्हणजे 1922 पर्यंत, ते काम चालू होतं. ग्रंथ छापून आला 1924 मध्ये.

रोजच्या दिवसात हे कसं आणायचं

पहिलं काम आपला काटा, म्हणजे आपण स्वतःला ज्यावर तोलतो तो तराजू, कुठला ते ओळखणं. सात रात्री, झोपायच्या आधी, वहीत एकच वाक्य पुरं करायचं: 'आज मला मी बरा वाटलो, कारण...' किंवा 'आज मला मी वाईट वाटले, कारण...' जास्त लिहू नका, एकच ओळ. सातव्या दिवशी सातही ओळी वाचल्या की काटा दिसतो. कुणाचा तो कमाई असतो, कुणाचा मुलांचे मार्क, कुणाचा स्वच्छ घर, कुणाचा मंडळीतला मान. पाळकसाहेबांचाही असू शकतो, रविवारची हजेरी. तीन प्रसंगांत तो विशेष उघडा पडतो: दुसऱ्याचं कौतुक आपल्यासमोर होतं तेव्हा, कुणी आपली चूक दाखवतं तेव्हा, आणि तापानं चार दिवस काही करता येत नाही तेव्हा.

काटा सापडला की त्याच्याविरुद्ध वचन उभं करायचं, आणि ते सकाळी करायचं. पान भिजवायच्या आधी, मोबाइल उघडायच्या आधी, शाळेचे डबे भरायच्या आधी. रात्रीपर्यंत थांबलात तर दिवसाचा आकडा समोर येऊन बसलेला असतो आणि मग वचन त्याच्याशी भांडत बसतं. दोन मिनिटं पुरतात. एक वचन मोठ्यानं, आणि एक साधं वाक्य: 'बापा, आज मी काहीही केलेलं नाही, आणि मी तुझा आहे.' पंधरा दिवस वचन बदलू नका. रोज नवं वचन शोधण्याचं रूपांतर पटकन नव्या आकड्यात होतं.

चूक घडली की मजुरीच्या वहीतला माणूस भरपाई करायला धावतो. एक उपास जास्त, दानपेटीत शंभराच्या जागी दोनशे, आठवडाभर स्वतःला टाकून बोलणं. ते प्रायश्चित्त देवानं मागितलेलं नाही. योहानाच्या पहिल्या पत्रात 1:9 ला कबुलीची रीत दिली आहे. नाव घेऊन कबूल करा. 'प्रभू, काही चुकलं असेल तर' असं गुळमुळीत नको; 'जावेबद्दल मी खोटं बोलले' असं म्हणा. तिथे देवाला दयाळू नव्हे, 'विश्वसनीय व न्यायी' म्हटलं आहे. ज्याची पावती झाली आहे ते देणं तो दुसऱ्यांदा वसूल करत नाही, हा त्याचा न्याय. त्यानंतर जिच्याबद्दल खोटं बोललात तिच्याकडे जाऊन निस्तरा, जक्कयासारखं. दोन्ही गोष्टी करा, पण याच क्रमानं.

विसाव्याचा दिवस सर्वांत अवघड. हजारावर मजुरी घेणाऱ्या घरात एक दिवस बसणं म्हणजे सरळ एका दिवसाचे पैसे गेले, आणि त्या घराला 'तुम्ही रविवार पाळत नाही' असं ऐकवणं क्रूरपणा आहे. कलस्सैकरांस पत्रात 2:16 ला सणवार आणि शब्बाथावरून कुणी तुमचा न्याय करू नये असं स्पष्ट आहे. तीन तासांपासून सुरुवात करावी. उपासनेहून आल्यावर दुपारी 1 ते 4. त्यासाठी शनिवारची तयारी लागते, मान्नाच्या सहाव्या दिवसासारखी. सोलापुरात त्याची सोय तर घरातच आहे: कडक भाकरी. ज्वारीची पातळ थापून मंद आचेवर पापडासारखी कडक केलेली भाकरी आठ-पंधरा दिवस सहज टिकते. सोबत शेंगाची चटणी, दही, कांदा. चूल पेटवायची नाही, भांडी चारच. हे मुद्दाम सांगायचं कारण असं की घरातले सगळे विसावले आणि एक बाई स्वयंपाकघरात राहिली, तर तो शब्बाथ नव्हे. अनुवादच्या पाचव्या अध्यायात 'तुझ्याप्रमाणे तुझ्या दासदासींनाही विसावा मिळावा' असं आहे, आणि कारण दिलं आहे: तू मिसरात दास होतास. त्या तीन तासांत मंडळीचंही काम नको. गाण्याचा सराव नको, महिला मंडळाचा हिशेब नको. पहिले दोन-तीन रविवार चैन पडत नाही, हात शिवशिवतात, आणि मनातली तपासणी जास्त जोरात चालते. आकड्याची सवय सुटताना असंच होतं. सहा रविवार तरी सोडू नका.

घरात दहावी-बारावीचं पोर असेल तर निकालाच्या आदल्या संध्याकाळी त्याच्याजवळ बसा. निकाल लागल्यावर 'कितीही मिळाले तरी तू आमचाच' हे वाक्य आकड्याचं सांत्वन वाटतं. आकडा यायच्या आधी बोललेलं वेगळ्या जागी जाऊन बसतं. आणि दुसऱ्या दिवशी गुणपत्रिका नातेवाइकांच्या ग्रुपवर लगेच टाकू नका, चांगली असली तरी. मंडळीत गुणवंतांचा सत्कार खुशाल व्हावा, पण माझं स्पष्ट मत आहे की तो उपासनेत नको, संध्याकाळी वेगळा ठेवावा. उपासनेला नापास झालेलं पोरही आलेलं असतं, आणि त्याला नेमकं त्या तासात टक्क्यांवर टाळ्या ऐकाव्या लागतात. देणगीदारांची नावं रकमेसह वाचून दाखवण्याबद्दलही हेच.

काही जणांचं पुढे वेगळंच होतं. ते आता स्वतःचा विश्वास मोजू लागतात. माझा विश्वास पुरेसा आहे का, मला कृपा नीट कळली का, बाकीच्यांसारखं रडू का येत नाही. म्हणजे टेबल तेच, कट्टे फक्त बदलले. येशूनं मोहरीच्या दाण्याएवढ्या विश्वासाची गोष्ट केली ती याचसाठी की नजर दाण्यावरून उठावी. भरवसा कुणावर आहे तिकडे बघायचं, भरवसा केवढा आहे तिकडे नाही. आणि 'आता काही केलं नाही तरी चालतं' या टोकाला गेलेल्यांनी करिंथकरांस पहिल्या पत्रात 15:10 वाचावं. जो काही मी आहे तो देवाच्या कृपेनं, असं म्हणून पौल पुढे लिहितो की त्या सर्वांपेक्षा मी जास्त श्रम केले. एकाच वचनात दोन्ही आहे.

एक गोष्ट यात मिसळू नये. 'मी कुणाच्या कामाचा नाही' ही भावना दोन आठवड्यांहून जास्त रोज राहिली, झोप-भूक उडाली, किंवा जिवाचं बरंवाईट करावंसं वाटलं, तर तो विश्वास कमी पडल्याचा प्रश्न नाही. डॉक्टरकडे जायचं. टेली-मानसचा 14416 हा सरकारी नंबर मोफत आहे. प्रार्थना करा आणि औषधही घ्या.

राहिलं प्रभुभोजन. आपल्याकडे कितीतरी चांगली माणसं, विशेषतः वयस्क बायका, 'या महिन्यात मन बरं नव्हतं, मी योग्य नाही' म्हणून बाकावर बसून राहतात. त्यामागे करिंथकरांस पहिल्या पत्रातलं 11:27 आहे, 'अयोग्य प्रकारे' भाकर खाण्याबद्दलचं. पण ते घेण्याच्या प्रकाराबद्दल आहे, घेणाऱ्याच्या लायकीबद्दल नाही. करिंथात काय चाललं होतं ते 21 व्या-22 व्या वचनात आहे: खाऊनपिऊन असलेले आधीच जेवून घ्यायचे, आणि ज्यांच्याकडे नव्हतं ते उपाशी राहायचे, अपमानित व्हायचे. पौल रागावला आहे तो त्यावर.

दुसऱ्या शमुवेलाच्या नवव्या अध्यायात मफीबोशेथ असाच बिचकतो. आधीच्या राजाचा, शौलाचा नातू, म्हणजे पडलेल्या घराण्याचा उरलेला वारस, लो-दबारात लपून राहिलेला. नवा राजा दावीद बोलावतो तेव्हा तो स्वतःला मेलेलं कुत्रं म्हणतो. दावीद त्याची लायकी तपासत नाही, त्याच्या बापाला, योनाथानाला दिलेला शब्द आठवतो आणि रोज आपल्या ताटाशेजारी त्याचं ताट मांडतो. अध्यायाच्या शेवटच्या वचनातही तो दोन्ही पायांनी लंगडाच आहे. पाय बरे झाले असं कुठं लिहिलेलं नाही. पंगतीत बसल्यावर पाय मेजाखाली जातात.

म्हणून भोजनाच्या आदल्या शनिवारी रात्री दहा मिनिटं बसा. नाव घेऊन कबूल करायचं ते करा, कुणाशी बोलणं टाकलं असेल तर फोन लावा, आणि 11:28 पूर्ण वाचा. माणसानं आत्मपरीक्षा करावी आणि मग भाकर खावी, असं तिथं आहे. परीक्षा करून बाकावर बसून राहावं असं नाही. शेजारच्या मावशी उठत नसतील तर सकाळी हे वचन त्यांना वाचून दाखवा, आणि हात धरून त्यांना पुढे न्या.